हंगामातली मूठ

मळीचा वास आधी येतो, भोंगा त्याच्या मागून. दिवाळीचे कंदील अजून गॅलऱ्यांतून लटकत असतात, आणि एका सकाळी वाऱ्यावर तो गोडसर, आंबूस, किंचित जळका वास येतो. सांगलीच्या आसपास राहणाऱ्या माणसाला मग कॅलेंडर बघावं लागत नाही. कारखाने सुरू झाले. बॉयलर पेटवण्याचा समारंभ झाला, पहिली मोळी टाकण्याचा समारंभ झाला, आणि दोन्हींचे फोटो चौकात टांगून झाले. मोळीला हात लावलेली जितकी माणसं त्या फोटोंत दिसतात तितकी उसाच्या फडात उतरली असती, तर हंगाम महिनाभर आधी उरकला असता.

आमच्या नर्सिंग कॉलेजच्या खिडकीखालूनच ट्रॅक्टर जातात. मागे दोन ट्रॉल्या, त्यांच्याबाहेर हातभर लोंबणारा ऊस, आणि पुढे देवळाच्या शिखराएवढे स्पीकर. गाणी इतक्या मोठ्यानं लागतात की उसातला रस कारखान्यात पोचायच्या आधीच निघावा. माझा डावा कान जवळजवळ बंद आहे, त्यामुळे मला त्यातलं निम्मंच सोसावं लागतं. सत्काराच्या भाषणांना मी मुद्दाम उजवीकडच्या भिंतीला चिकटून बसते. तिथून वक्ता डाव्या बाजूला येतो.

नेमक्या याच दिवसांत मी मुलींना परिचर्या व्यवस्थापन शिकवायला घेते. नियोजन, संघटन, दिग्दर्शन, नियंत्रण. नेतृत्वाच्या तीन शैली: हुकूमशाही, लोकशाही आणि ज्याला जे वाटेल ते करू देणारी. पुस्तकात प्रत्येक शैलीखाली फायदे आणि तोटे सारख्याच संख्येनं दिलेले आहेत. मुलींना पाठ करायला सोपं जातं. परवा कोरेगावची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, खऱ्या वॉर्डात यातली कुठली वापरतात?" खालून ट्रॅक्टर चालला होता. मी म्हटलं, "जरा थांब, हा जाऊ दे." तो गेला, त्याच्या मागून दुसरा आला, आणि मग तास संपला.

त्या मुलीचं उत्तर राहून गेलं आहे.

मी शिकवायला लागण्याच्या कितीतरी आधी, आष्ट्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून एका ट्रस्टचा दवाखाना होता. तिथल्या कॅज्युअल्टीत मी नव्यानं लागले होते. शहरात ऋतू कपड्यांवरून कळतात, तिथे आम्हाला ते जखमांवरून कळायचे. हंगामाच्या तोंडाला कोयत्याचे वार यायचे, कारण सहा महिने रिकामे राहिलेले हात पात्याची धार विसरलेले असत. मग थंडी पडली, धुकं उतरलं की बंद पडलेल्या ट्रॉलीवर मागून आदळलेली मोटारसायकलवाली पोरं यायची. काहींच्या कपाळात उसाचं कांडं रुतलेलं असायचं. मग दराचं आंदोलन व्हायचं. टायर पेटायचे, दगड सुटायचे, आणि एकाच गावचे दोन पक्ष एकाच बाकावर डोकी धरून बसायचे. शेवटी उन्हाळा आणि पेटवलेल्या फडांचे चटके. फरशी दिवसातून कितीदाही पुसली तरी रक्ताचा आणि मळीचा वास एकमेकांत मिसळून राहायचा. आजही काकवीची बाटली उघडली की मला आधी टाक्यांचा दोरा आठवतो.

त्या कॅज्युअल्टीच्या इनचार्ज होत्या शेडबाळे सिस्टर. सगळे त्यांना अक्का म्हणत. सांगलीकडच्या जैन शेतकरी घरातल्या. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, आवाज कधी वर गेला नाही. ड्रेसिंगच्या ट्रेवर मुंगी चढली तर तिला कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडायच्या, आणि मगच सडलेलं मांस कापायला कात्री उचलायच्या. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. त्यामुळे त्यांचा डबा उन्हं कलली की उघडायचा. हंगामात तो बऱ्याचदा तसाच मिटलेला घरी जायचा, कारण मारामाऱ्यांनाही नेमकी तीच वेळ सोयीची असे.

त्या दिवशी अक्कांनी डब्याचं झाकण नुकतंच सैल केलं होतं. बाहेर ट्रॅक्टर थांबला आणि एक माणूस बायकोला खांद्यावर टाकून आत आला. त्याचं नाव बिरू, तिचं मुक्ता. माणदेशातलं धनगर जोडपं. आधी मेंढरांमागं फिरलेलं, आता सहा महिने उसामागं फिरणारं. शेजारच्या सरीतल्या गड्याचा कोयता उसावरून निसटला होता आणि तिच्या डाव्या मनगटात बसला होता. जखमेत चिमूटभर नव्हे, मूठभर तंबाखू कोंबलेली. आणि मनगटाच्या वर, उसाच्या वाढ्याला, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्याला, पीळ देऊन, मोळी बांधतात तशी आवळलेली गाठ. बिरू दिवसभर मोळ्याच बांधायचा, आणि त्याची गाठ कधी सुटत नसे. रक्त थांबलं होतं. पण गाठीखाली बोटं वांग्याच्या रंगाची झाली होती.

"कवा बांधलंस?" अक्कांनी विचारलं.

"उन्हं डोक्यावर हुती तवा. ट्रॅक्टर भरल्याबिगर सोडंना वो कोण."

अक्कांनी खिडकीबाहेर बघितलं. उन्हं झाडांच्या शेंड्यांना टेकली होती. त्यांनी गाठ किंचित सैल केली, तसं रक्त उडून त्यांच्या चष्म्यावर आलं. जखमेवर बोळा दाबून, दंडाला पट्टा लावून त्यांनी ते थांबवलं, सलाईन लावलं आणि सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला. तिकडचं उत्तर सरळ होतं. अंधार पडायच्या आत टेबलावर आली तर शीर जोडून बघू, नाहीतर हात काढावा लागेल.

बिरूनं अक्कांचे पाय धरले. "आवं अक्का, कायबी करा पण हात ऱ्हाऊ द्या."

फडात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकाचा हात गेला तर अर्धा कोयता असा काही प्रकार नसतो. मुक्ता काहीच बोलत नव्हती. एकदाच म्हणाली, "थंडी वाजतीया," आणि ते ऐकून अक्कांचा चेहरा बदलला. कॅज्युअल्टीतली पहिली शिकवण त्यांनी मला हीच दिली होती: वरडतोय त्यो जगतोय, गप पडलेल्याकडं आधी बघ.

रुग्णवाहिका फाटकात उभी होती. ड्रायव्हर किल्ली घ्यायला गेला, आणि त्याच दारातून प्रतापदादांचा वाढदिवस आत आला.

प्रतापदादा हे त्या भागातले युवा नेते. त्यांचे फ्लेक्स मी रोज येता-जाता वाचत असे. नावाआधी 'भावी' हा शब्द इतका ठळक, की पुढचं पद रिकामं सोडलं तरी चालेल. त्या दिवशी चौकात त्यांनी तलवारीनं केक कापला. मग शुभेच्छुकांनी जेसीबी आणला. त्याच्या बकेटमधून दादांच्या डोक्यावर फुलं ओतायची, अशी आमच्याकडे रीत आहे. फुलं पडली. त्यांच्यापाठोपाठ बकेटही थोडं खाली आलं. कपाळाला दोन बोटं रुंदीची चीर. कपाळ हा असा अवयव आहे की लागतं थोडं आणि रक्त वाहतं फार, पुढाऱ्यांच्या दुःखासारखं. पांढरा शर्ट लाल झाला होता आणि मागचे तीस-चाळीस जण दादा चालल्यासारखे ओरडत होते. एकाच्या हातात ती तलवार तशीच होती, पात्याला गुलाबी क्रीम.

"डॉक्टर कुठं हाय? दादाला लागलंय! पयलं दादाला घ्या!"

ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी घातली. मला त्यांचा राग येत नाही. मागच्या हंगामात त्यांच्या दोन फासळ्या अशाच एका गर्दीनं मोडल्या होत्या.

मी पुढे झाले. म्हटलं, "दादा, पाच मिनिटं बाकावर बसा. या बाईंना गाडीत घातलं की लगेच टाके घालते."

दादांची थप्पड मला बाहेरून ऐकू आलीच नाही. ती आतून ऐकू आली, घागर दगडावर आपटावी तशी. भिंत माझ्याकडे आली, मग फरशी. कानातून काहीतरी कोमट गळ्याकडे उतरत होतं.

"कुणाला बस म्हनतीस गं? मी कोण हाय, म्हाईत हाय का तुला?"

पुढचं मला कापलेल्या तुकड्यांसारखं आठवतं. औषधांचं कपाट आडवं झालं. स्पिरिटचा वास घशात गेला. टेबलाखाली गेलेली किडनी ट्रे कुणाच्या तरी बुटाखाली चेपली. तलवारवाल्यानं काचेच्या दारावर वार केला आणि काच पाऊस पडावा तशी खाली आली. बाहेर धाडधाड आवाज झाले. रुग्णवाहिकेची पुढची काच गेली, मग चाकांची हवा. बिरू बायकोवर पालथा पडला होता, मेंढीवर लांडगा आला की धनगर पडतो तसा. त्याच्या पाठीवर स्टूल बसलं, तरी तो हलला नाही.

आणि अक्का जागेवरून उठल्या. जखमेवरचा बोळा बिरूच्या हातात दिला, "दाब, सोडू नगंस" म्हणाल्या, आणि तलवारवाल्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्या त्याच्या छातीलाही पोचत नव्हत्या.

"हे काय लागलंय पात्याला?"

त्यानं पात्याकडे बघितलं. "क्रीम हाय."

"उघड्या जखमा हायत हितं, आन् केक घिऊन आलास? जा, नळाखाली धुवून ये. साबण लाव."

तो गेला. मी माझ्या उजव्या कानानं नळाचा आवाज ऐकला. त्यानं खरोखर साबण लावला असावा, कारण बराच वेळ तो आला नाही.

मग अक्का दादांकडे वळल्या. खांद्यावर हात ठेवून त्यांना बाकावर बसवलं. ज्या बाकावर बसायला सांगितलं म्हणून माझा कान गेला होता, त्याच. डोळ्यांत बॅटरी मारली.

"चक्कर येतीया? उलटी?"

दादा एकदम हळू आवाजात म्हणाले, "थोडी येतीया."

"डोक्याला मार हाय. आतलं मला दिसत न्हाई. फोटो काढाय लागंल. सांगलीला."

गर्दी गप्प झाली. मग कुणीतरी ओरडलं, "ॲम्ब्युलन्स बोलवा!"

"तुमीच फोडली की आत्ता," अक्का म्हणाल्या.



"माझी गाडी हाय," दादा म्हणाले.

"चालंल की. पण वाटंत शुद्ध हरपली तर? सोबत सिस्टर पायजे. आन् माझी सिस्टर हिला सोडून यायची न्हाई. ही मागच्या शिटावर निजंल, तू म्होरं बस."

"आवं, ही उसतोडीची बाई माझ्या गाडीत? रक्त सांडंल सगळं."

"तुझं बी सांडतंयच की. कुणाचं कुठलं, शीट काय इचारत न्हाई. आन् सलाईनची बाटली तू धरायची. हात वर ठिवायचा, मान सरळ ऱ्हाती. डोक्याला बरं असतंय."

हे शेवटचं वाक्य मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

मी उठले होते, पण दाराशी थांबले. म्हटलं, "अक्का, मी त्याच्याबरोबर नाही जाणार."

त्या जवळ आल्या. चष्म्यावर मुक्ताच्या रक्ताचे ठिपके वाळलेले. "दुखतोय कान?"

"हो."

"दुखू दे. तुझा कान उद्या बघता येईल, पोरी. हिचा हात उद्या नसंल. चढ."

पुस्तकाप्रमाणे ही हुकूमशाही शैली. तोटे: हाताखालच्या माणसाच्या भावनांचा विचार होत नाही. खरं आहे. त्या क्षणी मला अक्कांचा राग दादांपेक्षाही जास्त आला होता. मी चढले.

आष्टा ते सांगली हा रस्ता हंगामात रस्ता नसतोच, उसाची सरकती भिंत असते. पण पुढे दादांच्या पोरांच्या तीस मोटारसायकली होत्या. आंदोलनात ज्या सफाईनं ही पोरं ट्रॉल्या अडवत, त्याच सफाईनं त्यांनी त्या बाजूला घेतल्या. तुंग गावात एका ट्रॅक्टरवाल्याला खाली ओढून दोन कानाखाली दिल्या आणि त्याचा ट्रॅक्टर त्यांनीच चालवत शेतात उतरवला. मला ते चूक वाटायला हवं होतं. मी मुक्ताची बोटं बघत होते. तिचं डोकं माझ्या मांडीवर, मागे सामानाच्या जागेत बिरू उकिडवा, हात पुढे काढून बोळा दाबत. आणि पुढच्या सीटवर उलटे वळून, हात छताला लावून प्रतापदादा. हातात बाटली, कपाळावर पट्टी, गळ्यात अजून झेंडूचा हार.

"मुक्ता, मूठ कर," मी म्हणत होते. "मूठ कर बघू."

बोटं हलत नव्हती. मग अंगठा हलल्यासारखा वाटला, की गाडीच्या हादऱ्यानं तसं वाटलं, कोण जाणे.

डिग्रज ओलांडताना दादा म्हणाले, "ताई, हात भरून आला."

"खाली नाही आणायचा. रक्त उलटं चढेल."

"दुसऱ्या हातात घिऊ?"

"घ्या."

छताला कोट अडकवायचा हूक होता. तो मला गाडीत बसताक्षणी दिसला होता. मी बोलले नाही.

कृष्णेच्या पुलावर सूर्य पाण्याला टेकला होता, कापलेल्या उसाच्या टोकासारखा लालसर. "जगंल का वो ही?" दादांनी विचारलं. मी म्हटलं, "जगेल. हाताचं बघायचं." त्यांनी फोनवर पुढच्या पोरांना एक शिवी दिली, आणि गाडी दवाखान्याच्या फाटकात शिरली तेव्हा आकाशात अजून उजेड होता.

मुक्ताला आत घेतलं. दादांच्या डोक्याचा फोटो निघाला. आत काहीही आढळलं नाही. हे वाक्य अहवालातलं आहे, माझं नाही. माझ्या कानाचा पडदा मात्र फाटला होता.

आठवड्याभरात ट्रस्टनं सत्कार ठेवला, प्रतापदादांचा. फ्लेक्सवर त्यांचा बाटली धरलेला फोटो. कुणीतरी मोटारसायकलवरून मागे वळून काढलेला. खाली 'गरिबांचा देवदूत'. शाल, श्रीफळ, फेटा. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की नेतृत्व हे रक्तात असावं लागतं. फरशीवरचं रक्त मीच पुसलं होतं, त्यामुळे मला ते मान्य होतं. अक्कांना त्याच दिवशी खुलासा मागणारं पत्र मिळालं: अत्यवस्थ रुग्ण खाजगी वाहनातून का पाठवला? त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं की सरकारमान्य वाहन सत्कारमूर्तींनी फोडलं होतं.

आणि मग मला घेऊन त्या पोलीस ठाण्यात गेल्या. अध्यक्ष, सरपंच, दोन डॉक्टर, सगळ्यांनी समजावलं होतं. मिटवून घ्या, त्यानंच तर बाईला वाचवलं. मीही वाटेत तेच म्हटलं. अक्का रिक्षातून बाहेर बघत म्हणाल्या, "गाडी दिली त्याचं पुण्य त्याचं. कान फोडला त्याचं पाप बी त्याचंच. वजाबाकी करणारी मी कोण?"

खटला अजून चालू आहे. तारखा पडतात. प्रतापदादांच्या नावाआधीचा 'भावी' आता गेला आहे. कुठल्याशा कार्यक्रमात भेटले की ते सभ्यपणे विचारतात, "काय ताई, कान काय म्हणतोय?" मी त्यांना पुन्हा विचारायला लावते. हल्ली ते नेतृत्व या विषयावर व्याख्यानं देतात, आणि मीही तोच विषय शिकवते. पोट दोघांचंही एकाच संध्याकाळवर चाललं आहे.

अक्कांनी त्या संध्याकाळी काय केलं, याचा मी इतके हंगाम विचार करते आहे. गर्दी शांत केली, असं म्हणतात. शांत कुठे केली? ती तेवढीच दांडगी राहिली, तुंगातल्या ट्रॅक्टरवाल्याला विचारा. त्यांनी फक्त पुराचं पाणी पाटात वळवलं. पाटाच्या शेवटी एक हात होता. त्यासाठी माझा कान, माझा अपमान, स्वतःचा डबा, सगळं त्यांनी बाजूला सारलं, आणि हात वाचल्यावर एकेक उचलून पुन्हा जागेवर ठेवायला बसल्या. डबा तेवढा राहिला. त्या रात्रभर त्यांनी पाणीही घेतलं नाही.

पुढच्या हंगामात, पहिल्या मळीच्या वासाच्या दिवसांत, दवाखान्याच्या फाटकाशी एक ट्रॅक्टर थांबला. अक्का ओसरीवर डबा उघडून बसल्या होत्या. उन्हं अजून होती. ट्रॉलीवरून मुक्ता उतरली. अंगानं भरलेली, कपाळाला मोठं कुंकू. मागून बिरू वाढ्याचा भारा घेऊन, दवाखान्याच्या शिपायाच्या म्हशीला.

अक्कांनी घास खाली ठेवला. "मूठ कर बघू."

मुक्तानं डावा हात पुढे केला. मनगटाभोवती जाड, गुलाबी व्रण. अंगठा मिटला, त्याच्याजवळची दोन बोटं मिटली. उरलेली दोन तशीच ताठ राहिली, फांदीसारखी. अक्कांनी आपलं बोट त्या मुठीत दिलं आणि ओढून बघितलं. सुटलं नाही.

"चालतंय," त्या म्हणाल्या. "कुणाला मारता न्हाई यायचं ह्या हातानं. पण धरता येईल. ऊस धरशील."

मुक्तानं मूठ सोडली नाही. अक्कांचं बोट तसंच धरून ती माझ्या कानाकडे बघून हसली, आणि म्हणाली, "माराया उजवा हाय की अक्का. कुणाला मारायचं तेवढं सांगा."